सुन्न झालेल्या माणसाची भाषा
गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’चे एक वाचन

मराठीत युद्धाची वर्णने उदंड आहेत; युद्धाने सुन्न झालेल्या माणसाची वर्णने मात्र विरळा. बखरकारांपासून आजच्या ऐतिहासिक कादंबरीकारांपर्यंत साऱ्यांनी आपल्याला तलवारींचा खणखणाट आणि वीरांच्या गर्जना ऐकविल्या. परंतु जो लढायला गेलाच नव्हता, ज्याला पळून जाण्याचीही वाट उरली नाही, आणि डोळ्यांदेखत घडत असलेले खरे आहे यावर ज्याचा विश्वासच बसेना, त्या माणसाच्या तोंडी कोणते शब्द आले? की शब्द आलेच नाहीत? या प्रश्नाचा विचार करू लागले की मराठीतील एका ग्रंथापाशी येऊन थांबावे लागते. तो ग्रंथ म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’.

कॅथॉलिक त्रैमासिकात एका वैदिक भिक्षुकाच्या प्रवासवृत्ताची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, गोडसे भटजी हे आपल्याच रायगड जिल्ह्याचे. पेण तालुक्यातील वरसई हे त्यांचे गाव; वरसईकर हीच त्यांची ओळख. आपल्या जिल्ह्याने मराठी गद्याला दिलेले हे एक मोठे लेणे आहे आणि ते आपल्या घरांत फारसे वाचले जात नाही. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे. अघटित समोर उभे ठाकले असता माणूस काय बोलतो, कसा गप्प होतो, आणि पुढे त्याची साक्ष कशी देतो, हा प्रश्न पवित्र शास्त्राने वारंवार विचारला आहे. तोच प्रश्न हा ग्रंथ आपल्या साध्या, घरगुती भाषेत विचारतो.

ग्रंथाची हकीकत थोडक्यात अशी. १८५७ साली विष्णुभट तिशीत होते. घरावर कर्ज होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असून विद्वान ब्राह्मणांना भरघोस दक्षिणा मिळणार, अशी वार्ता कोकणात आली. कर्जातून सुटण्याची ही संधी आहे असे वाटून विष्णुभट आपल्या चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले. वाटेतच बंडाचा वणवा पेटला. दक्षिणेच्या शोधात निघालेले हे दोघे कोकणस्थ झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले, काळपी, ग्वाल्हेर, काशी असे फिरत राहिले आणि अखेर जिवानिशी घरी परतले. पुढे जवळजवळ पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून, भटजींनी ही सारी हकीकत लिहून काढली. वैद्यांनी ती लेखकाच्या हयातीनंतर १९०७ साली प्रसिद्ध केली. इंग्रज सरकारचा तो काळ. वैद्यांनी मजकुरावर आपला हात फिरविला होता. मूळ हस्तलिखितानुसार संहिता वाचकांच्या हाती यावयास १९६६ साल उजाडावे लागले. ते काम महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी केले. हिंदीत अमृतलाल नागर यांनी आणि इंग्रजीत मृणाल पांडे यांनी हा ग्रंथ नेला. म्हणजे वरसईचा हा भटजी आज साऱ्या देशाचा साक्षीदार झाला आहे.

या ग्रंथाविषयी आजवर जे लिहिले गेले ते बहुधा दोन अंगांनी. इतिहासकारांनी त्यात राणी लक्ष्मीबाईंच्या दिनचर्येचा, झाशीच्या दरबाराचा, लढाईच्या क्रमाचा पुरावा शोधला. साहित्यिकांनी त्याच्या ओघवत्या निवेदनाचे कौतुक केले. दोन्ही योग्यच. परंतु मला या ग्रंथाचे खरे मोल तिसऱ्या ठिकाणी दिसते. शस्त्र हाती नसलेला माणूस सैन्याच्या हालचालींत सापडला म्हणजे त्याच्या मनाची जी अवस्था होते, तिचा इतका प्रामाणिक आलेख मराठीत दुसरा नाही.

ही अवस्था ग्रंथात हळूहळू उलगडत जाते. प्रारंभी अविश्वास आहे तो ऐकण्यातला. महूच्या वाटेवर पलटणीतले शिपाई या दोघांना भेटतात आणि लवकरच मोठा उत्पात होणार असल्याचे सांगतात. बातमी सांगणारे प्रत्यक्ष त्या कटातले. तिच्या खरेपणाविषयी शंका घेण्यास जागा नाही. तरीही काका-पुतणे माघारी फिरत नाहीत. पाठीशी घरचे कर्ज उभे आहे आणि पुढे दक्षिणेची आशा. वाचकाला वाटते, हे शहाणपण नव्हे. पण थोडा विचार करता कळते की माणसाचे असेच असते. संकटाची वार्ता कानांत शिरते, मनात शिरत नाही. आपल्या रोजच्या गरजांनी मनाचे दार अडवून धरलेले असते. लेखक या ठिकाणी स्वतःचे समर्थन करीत नाही आणि स्वतःला दोषही देत नाही. पंचवीस वर्षांनंतर लिहिताना ‘मला तेव्हाच कळले होते’ असे म्हणण्याचा मोह कोणालाही झाला असता. तो त्यांनी टाळला, हे लहानसे वाटले तरी साक्षीदाराचे मोठे लक्षण आहे.

त्यानंतर अविश्वास येतो तो पाहण्यातला. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज याच्या सैन्याने झाशीला वेढा दिला. शहरावर गोळे पडू लागले. अशा वेळी तात्या टोपे मोठी फौज घेऊन मदतीला आल्याचे कळताच शहरात आनंदीआनंद झाला. आणि १ एप्रिल रोजी बेतवा नदीच्या परिसरात त्याच फौजेचा मोड झाला. संख्येने कितीतरी अधिक असलेली सेना थोड्यांपुढे हटली, ही गोष्ट शहराच्या पचनी पडेना. हा प्रसंग वाचताना लक्षात येते की पराभवाचा धक्का पराभवाच्या आकारावर अवलंबून नसतो. त्याआधी बाळगलेल्या आशेच्या उंचीवर असतो. लूककृत शुभवर्तमानात अम्माऊसच्या वाटेवरील दोन शिष्य परक्या वाटसरूला आपली गेलेली आशा सांगतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात हाच सूर आहे. त्यांना क्रुसावरील मरण ठाऊक आहे. जे मनाला पेलत नाही ते त्या मरणाआधीच्या आशेचे काय करायचे हे आहे.

आणि मग ३ एप्रिल. इंग्रज फौज तटावरून आत शिरली. पुढले काही दिवस कत्तल आणि लूट चालली. भटजी एका घरात दडून बसले होते. शिपाई आले तेव्हा जवळचे पैसे देऊन जीव वाचवावा लागला. ग्रंथाचा हा भाग मराठी गद्यातील अत्यंत भयंकर पानांपैकी आहे, आणि तरीही त्यात आक्रोश फारसा नाही. मग आहे काय? आहे ती यादी. लुटीलाही एक क्रम होता असे ते सांगतात: आधी सोने-रुपे, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कापडचोपड. प्रेतांचे काय झाले, कोणत्या चौकात ती जाळली, दुर्गंधी कशी पसरली, हेही ते एकामागून एक सांगत जातात. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची धूळधाण उडाली याची चुटपुट लागलेला हा माणूस आहे. एवढी माणसे मेली असता पोथ्यांचे दुःख कसले, असे कोणी म्हणेल. परंतु ज्याचे सारे आयुष्य पोथीवर चालले, त्याला फाटलेली पोथी दिसल्यावरच जग बुडाल्याची खात्री पटते. प्रत्येकाचे जग कुठल्यातरी लहान वस्तूला बांधलेले असते.

भटजी विशेषणांचा आश्रय घेत नाहीत, हे त्यांच्या लेखनाचे बळ. ‘महाभयंकर’, ‘हृदयद्रावक’, ‘अवर्णनीय’ असे शब्द त्यांना सहज मिळाले असते. त्यांऐवजी ते मोजतात, नोंदतात, क्रम लावतात. सुन्न झालेले मन नेमके हेच करते. ज्या घरात अकस्मात मृत्यू झाला आहे तेथे गेलेल्या प्रत्येक धर्मगुरूला हा अनुभव आहे. घरची बाई रडत नसते. ती सांगत असते की सकाळी त्याने चहा अर्धाच घेतला, चपला दाराशी तशाच आहेत, डबा भरलेला आहे. हे तपशील दुःखाच्या बाहेरचे नव्हेत. अर्थ हरवला म्हणजे माणूस तपशिलाला धरून राहतो.

मराठी मनाची ही जुनी रीत दिसते. पानिपतचा संहार १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. त्याची वार्ता दक्षिणेकडे आली ती सावकारी पत्राच्या सांकेतिक भाषेत. गेलेली माणसे मोती झाली, मोहरा झाली, खुर्दा झाली; एका राष्ट्राचा आकांत नुकसानीच्या हिशेबात मांडला गेला. ते पत्र आजही शाळकरी मुलाच्या अंगावर काटा आणते, कारण त्यात शोकाचा एकही शब्द नाही. नानासाहेब पेशव्यांचा त्याच वर्षी जून महिन्यात पुण्यास पर्वतीवर अंत झाला. या पत्राशेजारी ‘भाऊसाहेबांची बखर’ ठेवून पाहावी. बखरकार प्रतिभावान आहे, त्याची भाषा डौलदार आहे. परंतु घडलेले असह्य झाले की तो भारती युद्धाचे दाखले देऊ लागतो. पुराणातील उपमा दुःखाला प्रतिष्ठा देते आणि त्याच क्षणी त्याची धार काढून घेते. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ (१९८८) या कादंबरीने हजारो मराठी वाचकांना त्या रणापर्यंत नेले, हे तिचे ऋण मान्यच आहे. पण कादंबरीकाराला रणाच्या मध्यभागी उभे राहावे लागते. गोडसे भटजी रणाच्या काठावर, बंद दाराच्या आड बसलेले आहेत. तेथून कमी दिसते, पण जे दिसते ते उपमेविना दिसते.

ग्रंथातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग काळपीच्या वाटेवरील विहिरीचा. झाशी गेली आहे. धुळीने माखलेली, पुरुषी वेषातील राणी तहानेने व्याकूळ होऊन विहिरीपाशी येते. भटजी पाणी काढून देऊ पाहतात. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी कष्ट घेऊ नयेत असे म्हणून ती स्वतःच पाणी काढते आणि आपल्या नशिबाविषयी थोडके बोलते. आपल्यासारख्या विधवेला पोटापुरते धान्य पुरले असते, असा त्या बोलण्याचा रोख. या प्रसंगाचे पुढे चित्र झाले, व्याख्याने झाली. माझ्या मते त्याचे सामर्थ्य राणीच्या वाक्यांत जेवढे आहे तेवढेच भटजींच्या अवघडलेपणात आहे. काल सिंहासनावर पाहिलेली स्त्री आज हातात पोहरा घेऊन उभी आहे, आणि काय बोलावे हे त्यांना कळत नाही. आपल्याकडे या प्रसंगावर बोलणारे वक्ते हे मौन गाळतात आणि त्या जागी गर्जना घालतात. तेथे राणीची मूर्ती मोठी होते आणि बाई नाहीशी होते.

येथे शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील एका प्रसंगाची आठवण केल्यावाचून राहवत नाही. अबशालोमाने बापाविरुद्ध बंड केले. युद्ध झाले. दावीद राजा वेशीपाशी बसला आहे, पहारेकरी दुरून धावत येणारा जासूद पाहतो. जासूद विजयाची वार्ता आणतात. राजा विचारतो ते एवढेच, की मुलगा सुखरूप आहे ना. मुलगा मेला हे कळताच तो वरच्या खोलीत जातो आणि मुलाचे नाव पुनःपुन्हा घेत राहतो. तेव्हा सेनापती यवाब येऊन त्याला खडसावतो: तुझ्या रडण्याने तुझ्यासाठी लढलेल्या शिपायांची मान खाली गेली आहे. यवाबाचे म्हणणे अगदीच खोटे नाही. राजाला अखेर उठून वेशीत येऊन बसावे लागते, आणि तो बसतो. परंतु पवित्र शास्त्राने राजाचे रडणे पुसून टाकले नाही. विजयाच्या बखरीत ते तसेच ठेवले.

युद्धविषयक साहित्य वाचण्याच्याही या दोन रीती आहेत. यवाबाला जय, मान, सैन्याचा उत्साह हवा असतो. सुन्न झालेला माणूस त्याला अडचणीचा वाटतो. दावीद प्रथम विचारतो, पोरगा सुखरूप आहे ना? ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ आपण बहुधा यवाबाच्या रीतीने वाचला. स्वातंत्र्यसमराचा पुरावा म्हणून त्याला मान दिला, आणि त्यात घाबरून दडून बसलेला, पैसे देऊन जीव वाचविणारा, पोथ्यांसाठी हळहळणारा माणूस आपल्याला जरा ओशाळवाणा वाटला. तोच माणूस ग्रंथाचा खरा गाभा आहे.

ग्रंथाचे दोषही सांगितले पाहिजेत. भटजी ऐकीव गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट यांत नेहमी भेद करीत नाहीत. इंग्रजांनी संस्थानिकांपुढे चौऱ्याऐंशी कलमे ठेवल्याची जी कथा ते सांगतात, ती बाजारगप्पांच्या वळणाची आहे. पंचवीस वर्षांनी लिहिल्यामुळे कालक्रमही सर्वत्र भरवशाचा नाही. त्यांची दृष्टी आपल्या जातीच्या आणि आचारधर्माच्या कुंपणातून बाहेर क्वचितच येते. झाशीच्या गल्लीबोळांतील कोळी, कोष्टी, मुसलमान यांच्या घरांत त्या दिवशी काय घडले ते आपल्याला त्यांच्याइतक्या जवळून दिसत नाही. शिवाय आणखी एक गोष्ट वाचकाने स्वतः ध्यानात ठेवावयास हवी. त्याच झाशीत, जून १८५७ मध्ये, झोकनबागेत इंग्रज पुरुषांबरोबर त्यांच्या बायकामुलांचीही हत्या झाली होती. एप्रिल १८५८ मधील गोऱ्या शिपायांच्या डोळ्यांपुढे ती हत्या होती. तिने पुढील कत्तलीचे समर्थन मुळीच होत नाही. पण सूड कोठे जन्मतो हे त्यावरून कळते. दुसऱ्याच्या मुलाचा मृत्यू पाहून जो हादरत नाही, केवळ आपल्याच मृतांसाठी हादरतो, त्याच्या हातात उद्या तलवार आली तर तो थांबणार नाही. धक्का बसणे ही दुर्बलता नव्हे. माणूसपण शिल्लक असल्याची ती खूण आहे.

म्हणूनच शुभवर्तमानकारांनी सैनिकांनाही विस्मयाचा अधिकार दिला. क्रुसाखाली उभा असलेला रोमन शताधिपती हा नेहमीच्या कामावर आलेला अधिकारी. देहदंड त्याला नवा नव्हता. तरी त्या दुपारी त्याच्या तोंडून वेगळेच शब्द निघाले. कबरीवरील पहारेकरी भयाने मेल्यासारखे झाले, असे मत्तय सांगतो; नंतर पैसे घेऊन त्यांनी सोयीची हकीकत पसरविली, हेही तोच सांगतो. एकाने आपला धक्का शब्दांत उतरविला आणि तो साक्षीदार झाला; दुसऱ्यांनी आपला धक्का विकला. आणि मार्क तर कबरीपासून पळालेल्या स्त्रियांच्या भयभीत मौनापाशी क्षणभर थांबतो. त्या मौनाची घाई त्याने केली नाही.

आपल्या किनाऱ्याकडे या दृष्टीने पाहावे. रेवदंड्याच्या कोटातील सातखणी मनोरा आणि खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगरी किल्ला आपण रोज पाहतो. १५७०-७१ साली निजामशाहीने चौलला वेढा घातला. १५९४ साली कोर्लईच्या डोंगरावर मोठी कत्तल झाली. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि फसले. १७४० साली रेवदंडा व कोर्लई मराठ्यांकडे आले. या प्रत्येक घटनेची नोंद जिंकणाऱ्यांच्या वा हरणाऱ्यांच्या दप्तरात आहे. पण वेशीआड बसलेल्या कोळ्याची, शेतकऱ्याची, चर्चच्या दाराशी मुलांना घेऊन उभ्या राहिलेल्या बाईची नोंद कोठे आहे? कोर्लईच्या ख्रिस्ती समाजाने पोर्तुगीज वळणाची आपली बोली तेवढी जपून ठेवली. सत्ता गेल्यानंतरही जे राहिले, त्यांची ती एक साक्षच म्हणावी लागेल. पण तिच्यात त्या दिवसांची हकीकत लिहून ठेवणारा गोडसे भटजी आपल्याला लाभला नाही.

आज हा प्रश्न जुना झालेला नाही. उरणजवळ करंज्याला नौदलाचे शस्त्रागार आहे. १९९९ च्या कारगिल युद्धापासून रणभूमी थेट घरातल्या पडद्यावर आली, आणि आता ती हातातल्या फोनवरही आहे. जेवता जेवता आपण शहरे कोसळताना पाहतो. पार्श्वसंगीत असते, निवेदकाचा आवाज चढलेला असतो, आणि धक्का बसण्याआधीच पुढचे दृश्य येते. विशेषणांचा असा महापूर बखरकारालाही जमला नसता. सुन्न होण्यास लागणारा वेळच आपल्यापासून काढून घेतला जात आहे. मुलांना यातून वाचवावयाचे तर नुसता दूरदर्शनसंच बंद करून भागणार नाही; त्यांच्या हाती साध्या साक्षीदाराचे पुस्तक द्यावे लागेल.

‘माझा प्रवास’ हे तसे पुस्तक आहे. शक्य असेल तर पोतदारांची संहिता वाचावी. जुन्या वळणाचे ते सलग वाक्य प्रथम दमछाक करते, पण धास्तावलेल्या माणसाचा श्वास त्यातच ऐकू येतो. ग्रंथाच्या शेवटाकडे भटजी काशीहून गंगोदकाची कावड खांद्यावर घेऊन परततात आणि वरसईला आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घालतात. कमाईसाठी निघालेला मुलगा जवळजवळ रिकाम्या हाताने आला, पण पाणी सांडू न देता आला. एवढे पाहिल्यानंतर माणसाला आणखी काय वाहून आणता येते, याचा विचार प्रत्येक वाचकाने आपापल्या घरी करावा. घरातल्या वृद्धांपाशी अशा काही आठवणी असतील तर त्या, विशेषणे न लावता, त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवाव्यात.